तारापूरचं पाणी आणि तारापूरचे पाइप

तारापूरच्या अणुशक्ती केंद्राबद्दल आपल्या भागात दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिली म्हणतात, "काही नाही हो, एकदम सेफ आहे." दुसरी म्हणतात, "समुद्र नासला तो ह्यांच्यामुळेच." दोघांनाही विचारलं, की बाबा, कशावरून? तर दोघंही गप्प.

बोईसर, चिंचणी, घिवली, उच्छेळी, दांडी या पट्ट्यात अणुभट्टी आली त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. तिच्या शेजारी दोन पिढ्या वाढल्या. पण आत काय चालतं, पाण्याचं काय होतं, लोखंडाचं काय होतं, हे आपल्याला कुणी आपल्या भाषेत नीट सांगितलं नाही. आज तेच लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी ग्रामसभेत विचारण्यासारखे काही प्रश्न दिलेत.

आधी एक घोळ मिटवू

किरणं अंगावर पडणं वेगळं आणि किरणोत्सर्गी पदार्थ अंगात जाणं वेगळं. चुलीचा उजेड भिंतीवर पडला म्हणून भिंत पेटत नाही. पण चुलीची राख उडून ताटात पडली, तर ती जेवणाबरोबर पोटात जाते. उजेड आणि राख, एवढा फरक लक्षात ठेवा.

लासलगावला कांदा-आंब्यावर किरणांचा मारा करायचं केंद्र आहे. तिथे कोबाल्ट-६० वापरतात. २००७ साली आपला हापूस अमेरिकेला जायला लागला तो याच केंद्रातून. तो आंबा किरणोत्सर्गी होत नाही, कारण त्याच्यावर फक्त 'उजेड' पडलेला असतो. उलट चेर्नोबिलला १९८६ साली 'राख' उडाली. ती गवतावर पडली, गाईंनी खाल्ली आणि दुधात उतरली. दोन्हीला आपण 'रेडिएशन' हा एकच शब्द वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो.

आता भट्टीच्या आत या. तिथे न्यूट्रॉन नावाचे कण असतात. ते मात्र ज्याच्यावर आदळतात त्यालाच कधी कधी किरणोत्सर्गी करून सोडतात, म्हणजे तिथे उजेडातूनच राख तयार होते. म्हणून भट्टीतलं पाणी आणि भट्टीतलं पोलाद यांची गोष्ट आपल्या विहिरीपेक्षा आणि आपल्या आंब्यापेक्षा वेगळी आहे.

पाणी फुटतं

ही गोष्ट सुरू होते १९०१ च्या सुमारास, पॅरिसमध्ये. पिएर क्युरी आणि आंद्रे दबिएर्न यांना दिसलं, की रेडियमचं मीठ पाण्यात विरघळवून ठेवलं की त्यातून वायू निघत राहतो. खाली जाळ नाही, विजेची तार नाही, तरी पाणी फुटत होतं. किरणांच्या जोरावर पाण्याच्या कणाचे तुकडे होत होते. त्यातून हायड्रोजन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. पेरॉक्साइड म्हणजे जखम धुवायला किंवा केस भुरे करायला वापरतात तेच.

तेव्हा ती प्रयोगशाळेतली नवलाई होती. चाळीस वर्षांनी अमेरिकेत अणुबॉम्बसाठी भट्ट्या बांधायला घेतल्या, तेव्हा त्या नवलाईची डोकेदुखी झाली. भट्टी थंड ठेवायची तर पाणी हवं, आणि पाणी भट्टीत गेलं की फुटतं. मग त्यातून निघणाऱ्या वायूंचं करायचं काय? आणि फुटलेलं पाणी लोखंडाला काय करेल? या प्रश्नांतून रसायनशास्त्राची एक अख्खी शाखा उभी राहिली. पाणी फुटताना नेमकं काय घडतं याचा महत्त्वाचा दुवा, म्हणजे पाण्यात सुटा फिरणारा इलेक्ट्रॉन, तर १९६२ साली हार्ट आणि बोग या दोघांना सापडला. त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्या तारापूरचा करार झाला.

तारापूर येतं

८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिकेचा करार झाला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन भट्ट्या बांधून हातात द्यायच्या असं ठरलं. २८ ऑक्टोबर १९६९ ला दोन्ही भट्ट्या व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. देशातली अणुवीज पहिल्यांदा आपल्या समुद्रकिनाऱ्यावर तयार झाली. याचा अभिमान इथल्या जुन्या माणसांना आजही आहे आणि तो असावा.

या भट्ट्या 'उकळत्या पाण्याच्या' जातीच्या. इंधनाच्या उष्णतेने पाणी भट्टीतच उकळतं आणि ती वाफ थेट टर्बाइन फिरवायला जाते. रचना सुटसुटीत, पण हिच्यात एक गोम आहे.

पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन झाले, की बंद भांड्यात ते बरेचसे परत जोडले जातात आणि पुन्हा पाणी होतं. दुसऱ्या जातीच्या भट्ट्यांत, जिथे पाणी दाबाखाली ठेवून उकळू देत नाहीत, तिथे वरून थोडा हायड्रोजन मिसळतात. म्हणजे फुटलेलं पाणी लगेच सांधलं जातं. पण पाणी उकळत असेल तर हायड्रोजन वाफेबरोबर पळून जातो. जोडीदार गेला की जोडी जमत नाही. मागे उरलेल्या पाण्यात थोडा ऑक्सिजन आणि थोडं पेरॉक्साइड राहतं. प्रमाण अगदी कमी, म्हणजे अब्ज भागांत शे-दोनशे भाग. पण हे पाणी जवळजवळ तीनशे अंशांवर, दिवसरात्र, वर्षानुवर्षं पोलादाच्या पाइपमधून फिरत असतं.

पाइपला तडा कसा जातो

हे पाइप स्टेनलेस स्टीलचे. आपल्या घरच्या भांड्याला गंज धरत नाही, कारण त्यातलं क्रोमियम वर एक पातळ कवच धरून ठेवतं. पण पाइपला वेल्डिंग केलं की जोडाशेजारचा पट्टा तापतो. त्या तापात पोलादातला कार्बन क्रोमियमला पकडतो आणि पोलादाच्या कणांच्या सीमेवर बसवून टाकतो. त्यामुळे सीमेलगतच्या अरुंद पट्टीत क्रोमियम कमी पडतं.

विटांची भिंत डोळ्यांसमोर आणा. विटा शाबूत आहेत, पण दोन विटांमधला मसाला पोखरला गेलाय. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते आणि तडा मात्र आतून विटांच्या कडेकडेने पुढे सरकत असतो. जोडाशेजारचं पोलाद तसं होतं. त्याला वेल्डिंगचा ताण असतो आणि आतून ऑक्सिजनवालं गरम पाणी लागत असतं. तीन गोष्टी एकत्र आल्या की तडा जातो: कच्चा पट्टा, ताण आणि पाणी. तिन्हींतली एक जरी काढली तरी तडा थांबतो.

१९७४ पासून अमेरिकेतल्या याच जातीच्या भट्ट्यांच्या पाइपमध्ये असे तडे सापडायला लागले. मग उपाय निघाले. कमी कार्बनचं पोलाद आलं. पाण्यात मुद्दाम हायड्रोजन सोडायची पद्धत आली. ध्वनिलहरींनी जोड तपासायची सक्ती आली.

पण तारापूरच्या भट्ट्या १९६० च्या दशकातल्या, हे सगळं कळण्याच्या आधीच्या. त्यांना पाइपांनी आणि नळ्यांनी पहिल्यापासून छळलं. सुरुवातीला प्रत्येक भट्टी २१० मेगावॅटची होती. पुढे दुय्यम वाफ तयार करणाऱ्या जनित्रांच्या नळ्या गळू लागल्या, ती जनित्रं बाजूला काढावी लागली आणि १९८० च्या दशकात भट्ट्यांची क्षमता १६० मेगावॅटवर आणली. २०२० साली दोन्ही भट्ट्या बंद केल्या त्या मोठ्या दुरुस्तीसाठी, आणि तिच्यातलं मुख्य काम होतं भट्टीतलं पाणी फिरवणारे पाइप बदलायचं. 'तारापूर बंद का?' असा प्रश्न तेव्हा चहाच्या टपरीवर रोज व्हायचा. त्याचं मूळ उत्तर क्युरींच्या त्या बुडबुड्यांपाशी जातं.

आता एक गोष्ट आपल्या पोरांच्या काळजीची. पाइपच्या आतल्या बाजूला गंजाचा पातळ थर बसतो. झडपांसारख्या भागांतला कोबाल्ट झिजून पाण्यात उतरतो, भट्टीतून फिरताना कोबाल्ट-६० होतो आणि त्या थरात जाऊन बसतो. त्याचं अर्धं आयुष्य सव्वापाच वर्षांचं. भट्टी बंद झाली म्हणजे धोका संपला असं होत नाही. पाइप कापायला, घासायला, जोडायला जो माणूस जवळ जातो त्याला त्याचा डोस बसतो. अशा कामाला कायम नोकरीतले लागतात, तसे कंत्राटी मजूरही लागतात. कंत्राटी मजूर म्हणजे कोण? आपल्याच आजूबाजूच्या गावातले.

पोलाद ठिसूळ होतं, ग्रॅफाइट फुगतं

किरणं पाण्यामार्फत पोलादाला त्रास देतात तशी थेटही देतात. न्यूट्रॉन पोलादात घुसला की अणू जागचे हलतात. वर्षानुवर्षं असं झालं की पोलाद ठिसूळ होत जातं. पाइप बदलता येतो. पण ज्या मोठ्या पात्रात इंधन असतं ते पात्र काही बदलता येत नाही. म्हणून पात्र बांधतानाच त्याच पोलादाचे छोटे तुकडे आत ठेवतात आणि ठरावीक वर्षांनी एकेक काढून तोडून बघतात. तारापूरलाही असे तुकडे ठेवलेले होते. साठी जवळ आलेल्या माणसाची दरवर्षी तपासणी करतात, तसंच हे. पाठ कितीही थोपटा, खरं काय ते रिपोर्टच सांगतो.

अणू हलल्यावर काय होऊ शकतं याचा धडा ब्रिटनने १९५७ साली गिरवला. विंडस्केलच्या भट्टीत ग्रॅफाइट होतं. न्यूट्रॉनच्या माराने ग्रॅफाइटमध्ये उष्णता साठून राहते हे युजीन विग्नर या शास्त्रज्ञाने आधीच ओळखलं होतं. ती साठलेली उष्णता मधूनमधून हळूहळू बाहेर काढावी लागायची. ऑक्टोबर १९५७ मध्ये ती काढताना भट्टीला आग लागली. धुराबरोबर आयोडीन-१३१ बाहेर गेलं, कुरणांवर पडलं आणि दुधात आलं. सुमारे पाचशे चौरस किलोमीटर टापूतलं दूध काही आठवडे ओतून द्यावं लागलं. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणून काही आठवड्यांत प्रश्न मिटला. सीझियम-१३७ ला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. 'राख' कोणती, हे विचारणं म्हणून महत्त्वाचं.

आपल्या मातीत, आपल्या समुद्रात काय आहे?

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. तारापूरची वीट रचली जाण्याआधीच कोकणच्या मातीत सीझियम पडलेलं होतं. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या सुरुवातीला अमेरिका आणि रशियाने हवेत शेकडो बॉम्ब फोडून पाहिले. त्याची धूळ पावसाबरोबर जगभर उतरली. तुर्भ्याच्या आपल्या शास्त्रज्ञांनी तेव्हापासूनच देशभर ती मोजायला घेतली. हवेतल्या चाचण्या थांबवायचा करार ५ ऑगस्ट १९६३ ला मॉस्कोत झाला, म्हणजे तारापूर करारापेक्षा तीन दिवस आधी.

आणि किरणं निसर्गातही आहेतच. जगातल्या माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट डोस मिळतो. केरळच्या काही किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूत थोरियम असल्याने तो कितीतरी जास्त असतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात युरेनियम-थोरियम कमी, म्हणून तो त्या मानाने कमी. अणुकेंद्रामुळे बाहेरच्या माणसाला वर्षाला १ मिलीसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळता कामा नये असा नियम आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा तारापूरला आहे. ती हवा, पाणी, दूध, मासळी, भाजी तपासते आणि डोस मर्यादेच्या खूप खाली असल्याचं सरकारी अहवाल सांगतात.

केंद्रातून समुद्रात काय जातं? सगळ्यात जास्त जातं ते समुद्राचंच पाणी. ते वाफ थंड करायला आत येतं आणि कोमट होऊन बाहेर पडतं. भट्टीतलं पाणी आणि हे पाणी वेगवेगळ्या नळ्यांतून फिरतं. सौम्य किरणोत्सर्गी सांडपाणी प्रक्रिया करून, मोजून, या पाण्यात विरळ करून सोडतात. तिसरी आणि चौथी भट्टी जड पाण्याची. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. चौथी भट्टी २००५ ला आणि तिसरी २००६ ला सुरू झाली. जड पाण्यावर न्यूट्रॉन पडले की ट्रिटियम तयार होतं. ते पाण्यातच पाणी होऊन राहतं, गाळून काढणं फार कठीण. त्याची किरणं दुबळी, कातडीसुद्धा ओलांडत नाहीत, पण पोटात गेलं तर मोजावंच लागतं. जपानने ऑगस्ट २०२३ पासून फुकुशिमाचं पाणी समुद्रात सोडायला घेतलं, तेव्हा भांडण झालं ते याच ट्रिटियमवरून.

आता कटू बोलतो. आपला समुद्र बिघडलाय हे खरंच आहे. पण नवापूरच्या समुद्रात ज्या पाइपलाइनने औद्योगिक वसाहतीचं रासायनिक सांडपाणी जातं ती आपण रोज बघतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वात वाईट ठरलं होतं. मासे मेले की आपण अणुकेंद्राकडे बोट दाखवतो आणि खरा आरोपी शेजारी उभा राहून हसतो. आणि 'रेडिएशनची मासळी' अशी एक अफवा उठली की सातपाटीपासून चिंचणीपर्यंत कोळणीच्या टोपलीतल्या पापलेटचा भाव पडतो. त्या बाईने काय पाप केलं?

मग सगळं ठीक आहे का?

नाही. आकडे कमी आहेत हे मला मान्य. पण आकडे कोण मोजतं आणि कोण दाखवतं, हा वेगळा प्रश्न आहे.

दोन जुनी प्रकरणं सांगतो. चेर्नोबिलनंतर आयर्लंडचं लोणी मुंबईत आलं. ते खाण्यालायक आहे का, यावर मुंबईच्या काही नागरिकांनी कोर्टात धाव घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कोर्टाने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने तपासून लोणी सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि १९८८ साली प्रकरण मिटलं. लोकांनी शंका काढली, तिसऱ्याने तपासलं, निकाल जाहीर झाला. झालं समाधान.

दुसरं प्रकरण उलटं. १९९५ साली अणुऊर्जा नियामक मंडळाने देशातल्या अणुकेंद्रांच्या सुरक्षेतल्या सुमारे १३० त्रुटींची यादी केली. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष होते ए. गोपालकृष्णन. तो अहवाल लोकांना दाखवा म्हणून याचिका झाल्या. मुंबई उच्च न्यायालयात हरल्या, २००४ साली सर्वोच्च न्यायालयातही हरल्या. कारण १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या कलम १८ ने माहिती गुप्त ठेवायचा अधिकार सरकारला दिला होता. आणि हे नियामक मंडळ पुरेसं स्वतंत्र नाही, असा ठपका पुढे २०१२ साली खुद्द 'कॅग'ने ठेवला.

एकीकडे परदेशी लोण्याची तपासणी जाहीर आणि दुसरीकडे शेजारच्या भट्टीच्या त्रुटी गुप्त. मग घिवलीच्या माणसाने विश्वास ठेवायचा तरी कशावर? अफवा जन्मते ती अशाच बंद दारामागे. केंद्रातले अनेक इंजिनिअर प्रामाणिकपणे काम करतात यात मला शंका नाही. पण प्रामाणिकपणासुद्धा लोकांना दिसावा लागतो.

ग्रामसभेत विचारा

घोषणा नकोत, दगड नकोत. साधे प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या.

१. आमच्या गावच्या विहिरीचं पाणी, दूध आणि मासळी यांची शेवटची तपासणी कधी झाली? ट्रिटियम आणि सीझियम किती निघालं? हा आकडा दर वर्षी मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाल का?

२. पाइप बदलण्याच्या कामावर आमच्या गावचे किती कंत्राटी मजूर होते? प्रत्येकाच्या बॅजवर किती डोस नोंदला गेला, तो कागद त्याच्या हातात दिला का?

३. जुन्या दोन भट्ट्यांच्या पात्राच्या पोलादाची तपासणी काय सांगते? साध्या भाषेत एक पान द्याल का?

४. समुद्रात रसायन किती आणि किरणोत्सर्ग किती, याची तपासणी प्रदूषण मंडळ आणि अणुकेंद्र यांच्याशिवाय एखाद्या विद्यापीठाकडून, मच्छीमार सोसायट्यांसमोर, एकत्र करून घ्याल का?

यातला एकही प्रश्न देशाच्या सुरक्षेला धोका पोचवत नाही. विहिरीच्या पाण्याचा आकडा हे काही लष्करी गुपित नाही.

तडा पाइपला कसा जातो ते वर सांगितलं. आधी कच्चा पट्टा असतो, मग ताण येतो आणि आतून सतत काहीतरी झिरपत राहतं. बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं. गाव आणि केंद्र यांच्यातल्या विश्वासाचंही तसंच झालंय. पाइपचं पोलाद बदलून मिळतं. विश्वासाचा जोड मात्र दर वर्षी तपासावाच लागतो, आणि तपासणीचा कागद दोघांच्याही हातात असावा लागतो.

पुढच्या ग्रामसभेला हे चार प्रश्न कोण घेऊन जाणार ते सांगा. उत्तर काय मिळालं ते इथेच छापू, बाजूचं असो की विरोधातलं.